कुंपणातील माल आणि कामगाराचा घाम



अमेरिकेतील परदेश-व्यापार क्षेत्रात माल उतरविला की आयात शुल्क माफ होते, असा समज आपल्याकडे पुष्कळांचा आहे. तो खरा नाही. शुल्क माफ होत नाही, ते थांबते. १९३० साली स्मूट-हॉली कायद्याने जकातीची भिंत उंच करणाऱ्या त्याच देशाला १९३४ साली स्वतंत्र कायदा करून या भिंतीला दार ठेवावे लागले!

कुंपणाच्या आतील भूमी अमेरिकेचीच. जकातीपुरती मात्र ती देशाबाहेरची मानली जाते. माल तेथे कितीही काळ पडून राहो, देशाच्या बाजारात निघेल तेव्हाच शुल्क भरावयाचे. तोवर आयातदाराचे भांडवल मोकळे. माल तिसऱ्या देशी धाडला, तर सामान्यतः शुल्क नाहीच.

खरी मेख पुढे आहे. १९५० मध्ये आत कारखानदारीस मुभा मिळाली. समजा, सुट्या भागांवर ५ टक्के शुल्क आहे आणि तयार यंत्रावर २ टक्के. तर रीतसर अनुमती घेऊन २ टक्क्यांचा दर लावून घेता येतो. तोही केवळ परदेशी भागांच्या मूल्यावर. आत झालेली मजुरी, खर्च आणि नफा यांवर शुल्क नाही, असे तेथील सीमाशुल्क खात्याने १९८० मध्ये ठरविले. (एप्रिल २०२५ मध्ये लादलेल्या नव्या शुल्कांच्या वेळी मात्र माल आत येतानाचाच दर गोठविण्याची सक्ती झाली, त्या शुल्कांपुरती दर निवडण्याची सवलत गेली.)

आता आपले पाहू. आशियातील पहिले निर्यात प्रक्रिया क्षेत्र १९६५ साली आपणच कांडल्यास उभारले. अंधेरीचे सीप्झ १९७३ चे. पुढे २००५ च्या विशेष आर्थिक क्षेत्र कायद्याच्या ३० व्या कलमाने ठरविले की, आतील तयार वस्तू देशात विकल्यास ती जणू परदेशातून आली, असे समजून शुल्क घ्यावे. म्हणजे १०० रुपयांच्या वस्तूत ६० रुपये परदेशी भागांचे आणि ४० रुपये आपल्या कारागिराच्या श्रमाचे व इतर खर्चाचे असले, तरी आकारणी १०० वर. अमेरिकेत ती ६० वर झाली असती.

कुंपणाबाहेरच्या लहान उद्योजकाचे रक्षण व्हावे, हा यामागील युक्तिवाद मी हलका मानीत नाही. सवलती भोगणाऱ्याने त्याचा बाजार मोडू नये, हे रास्तच. परंतु ते रक्षण परदेशी भागांवर पूर्ण शुल्क घेऊनही साधते. त्या ४० रुपयांना परदेशी कोणत्या न्यायाने म्हणावयाचे, याचे उत्तर मला अद्याप कोणी दिलेले नाही.