तेरची पांढर

(तेर, जि. धाराशिव येथील शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'तेर गावाचा इतिहास' असा विषय छापला आहे. तो वाचून आपल्यापैकी काहींना वाटले असेल, की बी-बियाणे आणि खतांच्या मेळाव्यात इतिहास कशाला? संयोजकांनी विषय सांगितला तेव्हा मलाही असेच वाटले होते. परंतु या गावाचा इतिहास मातीतून निघालेला आहे आणि बराचसा मातीबरोबरच आपल्या शेतात जाऊन पडलेला आहे. तेव्हा तो शेतकऱ्यांपुढेच मांडावयास हवा.

गावच्या जमिनीचे दोन भाग आपण पूर्वापार मानत आलो आहोत, काळी आणि पांढरी. काळीत पिकवावयाचे, पांढरीत राहावयाचे. पांढर मुळात पांढरी नसते. शेकडो वर्षे माणसे एकाच जागी राहिली, की मातीची घरे पडतात, त्यांच्यावरच नवी उभी राहतात. चुलीची राख, शेण, हाडे, खापरे, चुना असे सगळे थरावर थर साचत जाते आणि जमिनीचा रंग पालटतो. तेरणा नदीच्या काठी तेर गावात आणि गावाभोवती अशा पांढरीची टेकाडे आहेत. बाहेरगावाहून आलेल्यांना ती नुसती मातीचे ढिगारे वाटतील. प्रत्यक्षात ते एका मोठ्या शहराचे अवशेष आहेत.

त्या शहराचे नाव तगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या शतकात, समुद्रावर व्यापार करणाऱ्या एका माणसाने ग्रीक भाषेत एक पुस्तक लिहिले. त्याला 'पेरिप्लस' म्हणतात. लेखकाचे नाव कोणास माहीत नाही. कोणत्या बंदरात काय माल मिळतो, काय खपतो, एवढेच त्याने व्यापाऱ्याच्या रोखठोक पद्धतीने लिहून ठेवले आहे. तो सांगतो, की भडोच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे फार मोठे शहर आहे. पैठणहून अकीक येतो आणि तगरहून पुष्कळ जाडेभरडे कापड, नाना तऱ्हेची मलमल आणि समुद्रकाठच्या मुलखातून तगरला जमा झालेला इतर माल येतो. हा सगळा माल गाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला उतरतो.

आपण गाडीवाले आहोत, हिशोब करून पाहा. भरलेली बैलगाडी दिवसाला सहा-सात कोस चालते. तीस दिवसांत दोनशे कोसांच्या आसपास अंतर पडेल. तेर ते भडोच साधारण तेवढेच आहे. दिशेत मात्र त्या लेखकाची थोडी गफलत झाली, कारण तेर हे पैठणच्या पूर्वेस नसून आग्नेयेस आहे. पुढे विद्वानांनी तगरचा शोध घेताना दौलताबाद, जुन्नर, धारूर अशी निरनिराळी गावे सुचविली. अखेर १९०१ मध्ये फ्लीट या संशोधकाने तगर म्हणजे तेरच, असे दाखवून दिले. त्याच सुमारास पुरातत्त्व खात्याच्या कझेन्स या अधिकाऱ्याने येथील जुन्या मंदिरांची पाहणी करून अहवाल लिहिला.

आता या हकिकतीतील एका गोष्टीकडे आपले लक्ष वेधतो. तगरहून कापूस गेला नाही, कापड गेले. वेचणी, पिंजणे, सूत कातणे, विणणे ही सर्व कामे गावात आणि आसपासच्या खेड्यांत झाली असली पाहिजेत, त्याशिवाय महिनाभराच्या वाटेने कापडाच्या गाड्या जाणार कशा? आज आपल्या जिल्ह्यात खरिपाचे मुख्य पीक सोयाबीन आहे. ते आपण पोत्यात भरतो आणि बाजारात नेऊन ओततो. तेल दुसरीकडे निघते, पेंड दुसरीकडे जाते. पेरिप्लसच्या लेखकाने आज फेरी मारली, तर धाराशिवच्या नावापुढे तो काय लिहील, असा विचार माझ्या मनात येतो. असो, तो विषय दुपारच्या वक्त्यांचा आहे.

तेरचा माल फार दूर गेला याचा पुरावा जमिनीतून मिळाला. येथे सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती सर्वांत प्रसिद्ध आहे. लहानशी, परंतु अलंकार आणि केशरचना बारकाईने कोरलेली. इटलीतील पाँपेई हे शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथे १९३८ मध्ये एक हस्तिदंती भारतीय मूर्ती मिळाली. ती आणि तेरची मूर्ती एकाच घडणीच्या वाटतात. आपल्या भोकरदनलाही तशीच मूर्ती मिळाली आहे. याशिवाय रोमन पद्धतीच्या वस्तू, शंखाच्या बांगड्या, मणी, पांढऱ्या मातीच्या मूर्ती, सातवाहन राजांची नाणी असे पुष्कळ काही येथे निघाले.

हे कोणी जमविले, ते सांगितले पाहिजे. पावसाळ्यात टेकाडावरून पाणी वाहिले, की मणी आणि नाणी उघडी पडत. पोरे ती वेचीत आणि खेळून टाकून देत. तेरचेच रहिवासी कै. रामलिंगप्पा लामतुरे यांनी या वस्तू गोळा करण्यास सुरुवात केली. ते पुरातत्त्वाचे पदवीधर नव्हते. परंतु एकेक करून हजारो वस्तू त्यांनी जमविल्या आणि सांभाळल्या. ब्रिटिश म्युझियमचे डग्लस बॅरेट यांनी १९६० मध्ये तेरवर पुस्तिका लिहिली, ती या संग्रहामुळेच. आज त्यांच्याच नावाने गावात शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. १९५८ मध्ये चापेकरांनी येथे पद्धतशीर उत्खनन केले, त्यानंतरही उत्खनने झाली. परंतु उत्खननाच्या कितीतरी आधी या गावातील एका माणसाने ओळखले होते, की ही माती साधी नाही.

मातीचा विषय निघाला म्हणून विटांचे सांगतो. त्रिविक्रम मंदिर आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. मागील बाजूस हत्तीच्या पाठीसारखा गोल आकार असलेली ही विटांची इमारत मुळात बौद्ध चैत्य होती असे अभ्यासक मानतात. पुढे तेथे वामनावताराची मूर्ती आली. उत्तरेश्वराचे मंदिरही विटांचेच. गावात जैन मंदिरही आहे. एकाच गावात इतके पंथ नांदले, हा पेठेच्या गावाचा स्वभावच असतो. तर तेरच्या जुन्या विटा पाण्यावर तरंगतात, ही गोष्ट आपण ऐकली असेल. त्यात चमत्कार काही नाही. मातीत भाताचे तूस भरपूर मिसळून वीट थापली. भट्टीत तूस जळून गेले आणि त्या जागी बारीक पोकळ्या राहिल्या, त्यामुळे वीट हलकी झाली. ज्याला आपण टाकाऊ म्हणतो, त्याचा असा उपयोग त्या कारागिरांना सुचला. उत्खननात जळून कोळसा झालेले धान्याचे दाणेही मिळाले. दाणा ताजा राहिला तर कुजतो, करपला तर हजारो वर्षे टिकतो. त्यावरून येथील जुन्या माणसांच्या ताटात काय होते ते कळले: तांदूळ, गहू आणि कडधान्ये.

पुढे तगरचे वैभव ओसरले. समुद्रापलीकडचा व्यापार मंदावला, वाटा बदलल्या. अमेरिकेच्या मध्यभागात गहू-मक्याच्या प्रदेशात एकोणिसाव्या शतकात रेल्वेबरोबर शेकडो लहान गावे उभी राहिली. स्टेशन, धान्याचे कोठार आणि दुकानांची एक ओळ, एवढेच गाव. पुढे रेल्वे बंद पडली किंवा महामार्ग बाजूने गेला आणि त्यांतील कित्येक ओस पडली. आपल्याकडे उलट उदाहरण लातूरचे. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे तेथपर्यंत पोहोचली आणि लातूरची पेठ वाढली. वाट गावाला घडविते आणि मोडतेही. तेरची वाट मोडली, परंतु गाव उठले नाही. इतकेच नव्हे, तर त्याचा लौकिकही उरला. ठाणे आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे तेरहून दूर राज्य करीत असतानाही 'तगरपुरवराधीश्वर' असे बिरुद मिरवीत. आपले मूळ तगरचे, हे सांगण्यात त्यांना भूषण वाटे.

आणि मग तेराव्या शतकात गोरोबाकाका झाले. वारकरी संतमंडळीत वयाने वडील, म्हणून सगळे त्यांना काका म्हणत. संतांच्या मेळ्यात त्यांनी थापटण्याने एकेकाच्या डोक्यावर टिचकी मारून कोणते मडके पक्के, कोणते कच्चे हे पाहिले आणि नामदेवांना कच्चे ठरविले, ही कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. मला त्यात विशेष वाटते ते हे, की परीक्षेची रीतसुद्धा कुंभाराच्या आव्यातली आहे. सातवाहनांच्या काळात मूर्ती आणि विटा घडविणारी तेरची माती हजार-बाराशे वर्षांनंतरही कुंभाराच्या चाकावर होतीच. राजे गेले, व्यापारी गेले, कारागीर राहिले. चैत्र वद्यात काकांच्या समाधीला यात्रा भरते, तेव्हा गावाची मूळची गर्दी परत आल्यासारखी वाटते.

आता ज्यासाठी मी उभा आहे, त्याकडे येतो. आपली घरे माळवदाची होती तेव्हा दर उन्हाळ्यात माळवदावर पांढरी माती पसरावी लागे. ती पाणी आत उतरू देत नाही. माझी आजी पाटीने माती आणीत असे. टेकाड थोडे खचे, इतकेच. पुढे पांढरीची माती शेतात टाकली की पीक जोमात येते, असा अनुभव लोकांना आला. टिकाव जाऊन जेसीबी आला, पाटी जाऊन ट्रॉली आली. एका माणसाच्या जन्मात जेवढी माती हलत नसे, तेवढी आता दोन दिवसांत हलते. ही गोष्ट केवळ तेरची नाही, मराठवाड्यात गावोगावच्या पांढरींची हीच गत आहे.

अनुभव खोटा नाही. राख आणि हाडांमुळे या मातीत स्फुरद व पालाश बऱ्यापैकी असतो, जुन्या शेणामुळे थोडे नत्रही मिळते. परंतु ती एका-दोन हंगामांची भर आहे. शिवाय पांढरीत चुना आणि क्षारही असतात. आपल्या बऱ्याच जमिनी मुळातच चुनखडीयुक्त आहेत. अशा जमिनीत सोयाबीनची शेंड्याकडील पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, हे आपण पाहिले असेल. ती लोहाची कमतरता आहे. तेथे आणखी चुन्याची माती टाकली तर ही कमतरता वाढण्याचीच शक्यता अधिक. आपल्या काळ्या जमिनीला खरी भूक आहे ती सेंद्रिय पदार्थाची. ती शेणखत, कंपोस्ट, सोयाबीनचे भुसकट आणि ताग-धैंचा यांनी भागते. पांढरीची ट्रॉली आणण्याऐवजी मळणीनंतर भुसकट न जाळता खड्ड्यात टाकले, तर खर्चही वाचेल.

एकदा हलविलेली पांढर परत रचता येत नाही, हेही सांगितले पाहिजे. कोणते नाणे कोणत्या थरात, कोणत्या खापराबरोबर होते, यावरूनच काळ ठरतो. ते नाणे शेतात सापडले तर ते सुंदर असेल, परंतु मुके असेल. नांगरताना किंवा विहीर खोदताना मूर्ती, नाणी, भांडी लागली, तर जागेवरून न हलविता तलाठी किंवा तहसील कार्यालयास कळवावे. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. 'कळविले तर जमीन जाईल' या भीतीने पुष्कळ जण वस्तू झाकून टाकतात किंवा फेरीवाल्याला विकतात. अशा वेळी एकट्याने निर्णय न घेता ग्रामपंचायतीला बरोबर घ्यावे.

दुपारच्या जेवणानंतर संग्रहालय पाहावयास जावयाचे आहे. ज्यांनी माती परीक्षणासाठी नमुने आणले आहेत, त्यांनी ते जेवणापूर्वी मंडपाच्या दाराशी द्यावेत. पिशवीवर गट नंबर लिहावा आणि त्या शेतात पूर्वी कधी पांढरीची माती टाकली असेल तर तेही लिहावे.