कुत्र्याची किडनी बिघडली, तर त्याला काय घालायचं?



शेळीचं पोट फुगलं किंवा कोंबड्यांना मानमोडी लागली, की गटाच्या बैठकीत लगेच विषय निघतो. दारातल्या कुत्र्याबद्दल मात्र सहसा कुणी विचारत नाही. रात्रभर जागून तो घर राखतो, शेळ्यांमागे रानात जातो. तो खाईनासा झाला की आपण म्हणतो, "वय झालं त्याचं." पण पुष्कळदा ते नुसतं वय नसतं, किडनीचा म्हणजे मूत्रपिंडाचा आजार असतो. जुना झालेला हा आजार पूर्ण बरा होत नाही. पण वेळेवर ओळखून खाणं बदललं, तर कुत्रा पुढे बरेच महिने, कधी काही वर्षंसुद्धा चांगला जगतो. आणि त्याला खायला घालणाऱ्या बहुतेक आपणच असतो. म्हणून आज हा विषय घेतला.

आधी खुणा सांगते. कुत्रा एकाएकी जास्त पाणी पितो, वारंवार लघवी करतो. वजन उतरतं. खाणं कमी होतं, उलट्या होतात, तोंडाला उग्र वास येतो. अशा वेळी घरीच अंदाज बांधू नका. साखरेच्या आजारातही कुत्रा पाणी जास्त पितो. पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन रक्त आणि लघवी तपासून घ्या. रक्तात क्रिएटिनिन किती आहे, त्यावरून किडनी किती बिघडली ते डॉक्टरांना कळतं. किडनीचं बरंचसं काम बंद पडेपर्यंत बाहेरून काही दिसत नाही, म्हणून खुणा दिसल्यावर दिवस घालवायचे नाहीत.

आता खाण्याकडे येऊ. आपल्या अन्नात फॉस्फरस नावाचं खनिज असतं. चांगली किडनी जास्तीचा फॉस्फरस लघवीवाटे बाहेर टाकते. बिघडलेल्या किडनीला ते जमत नाही. मग तो रक्तात साठतो, हाडं कमजोर करतो आणि उरलेली किडनीही लवकर खराब होते. म्हणून फॉस्फरस आणि मीठ कमी करायचं, आणि मांस-अंडी मोजून, पण चांगल्या प्रतीची द्यायची. मांस-अंडी पूर्ण बंद केली तर कुत्रा अशक्त होतो.

आपण मायेनं जे देतो, त्यातलंच बरंच त्याला बाधतं. हाडं, कलेजी, दूध, सुकट, बोंबील यांत फॉस्फरस भरपूर, सुक्या मासळीत वर मीठही. बाजरी आणि ज्वारीत पांढऱ्या तांदळाच्या दुपटीहून जास्त फॉस्फरस असतो. म्हणून अशा कुत्र्याला भाकरीऐवजी भात बरा. उरलेली आमटी-कालवण नको, कारण त्यात मीठ, कांदा आणि लसूण असतात. कांदा-लसूण तर निरोगी कुत्र्यालाही नको, त्यानं रक्तातल्या लाल पेशी फुटतात.

साधारण पंधरा किलोच्या कुत्र्याचं एका दिवसाचं खाणं असं करता येईल. एक मोठी वाटी तांदळाचा मऊ भात. एक पूर्ण अंडं आणि आणखी दोन अंड्यांचा फक्त पांढरा भाग, उकडून. फॉस्फरस पिवळ्या बलकात असतो, पांढऱ्यात अगदी थोडा, म्हणून बलक एकच. अर्धी वाटी उकडलेला दुधी, लाल भोपळा किंवा गाजर. वरून दोन लहान चमचे तेल. मीठ अजिबात नाही. हे कालवून दिवसातून दोन-तीन वेळा थोडं थोडं द्या. अंड्याऐवजी कधी कोंबडीचे बिनहाडाचे, बिनकातडीचे चार-पाच लहान तुकडे चालतील. ते उकडून पाणी फेकून द्या, कारण त्या पाण्यात फॉस्फरस उतरतो. खात नसेल तर अन्न किंचित कोमट करा, वासानं तोंड लावतो.

पण मैत्रिणींनो, एवढ्यावर महिनोन्‌महिने ठेवू नका. या जेवणात कॅल्शियम आणि काही जीवनसत्त्वं कमी पडतात. अमेरिकेतल्या संशोधकांनी किडनीच्या कुत्र्यांसाठी छापून आलेल्या घरगुती पाककृती तपासल्या. २०१२ साली त्यांनी लिहिलं, की एकही पाककृती सगळ्या बाबतीत पुरी पडत नव्हती. म्हणून काय घालता ते डॉक्टरांना वाटी-चमच्यानिशी सांगा आणि वरून कोणती पावडर, किती द्यायची ते लिहून घ्या. किडनीसाठीचं तयार खाणं पाकिटात मिळतं, पण ते महाग असतं. परवडत नसेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा, त्यात लाज कसली?

एक चूक घरोघरी होते. लघवी फार करतो म्हणून पाण्याचं भांडं उचलून ठेवतात. तसं कधीच करू नका. त्याची किडनी पाणी धरू शकत नाही. पाणी तोडलं तर तो दोन दिवसांत गंभीर होईल.

किडनी बिघडू नये म्हणूनही जपा. आपली अंगदुखीची गोळी कुत्र्याला देऊ नका. द्राक्षं, बेदाणे, मनुका आणि चिंच यांनी कुत्र्याची किडनी अचानक निकामी होऊ शकते. बागेत पडलेली द्राक्षं, शिऱ्यातला बेदाणा, सगळंच त्यात आलं. उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टोही किडनी बिघडवतो. तो कुत्र्याच्या लघवीतून माणसालाही होतो, म्हणून त्याची लस टोचून घ्या. आजारी कुत्र्याची जागा धुताना हातात प्लास्टिकची पिशवी घाला, पायात चप्पल ठेवा.

शेवटचं म्हणजे, हे पथ्य घरातल्या सगळ्यांना सांगा. तुम्ही मोजून भात घालाल आणि मागून सासूबाई दूध-भाकरी, पोरं बिस्किटं घालतील, तर उपयोग नाही. पुढच्या बैठकीत पाच मिनिटं काढून हे वाचून दाखवा. ज्यांच्या दारी म्हातारा कुत्रा आहे, त्यांनी आज एवढंच बघावं, की त्याचं पाण्याचं भांडं दिवसातून किती वेळा रिकामं होतं.