गावोगावचा शेर

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



हिशेबासारखा रुक्ष विषय ऐकायला आपण आरतीनंतर थांबलात, याबद्दल आभार. प्रसाद भाषणानंतर ठेवण्याची युक्तीही त्यामागे असावी!

काल आपल्या खजिनदारांनी मला दोन वर्षांचे जमाखर्च दाखवले. सजावटीचा खर्च निम्म्यावर आलेला. मी म्हटले, "वा, चांगली काटकसर केलीत!" ते हसून म्हणाले, "काटकसर कसली काका, यंदा रोषणाई विजेच्या खात्यात टाकली." रोषणाई तीच, पैसे तेवढेच. फक्त रकाना बदलला आणि हिशेबात जन्म घालवलेला माणूस फसला.

जुन्या मंडळींना आठवत असेल, पूर्वी शेर गावोगावी वेगळा असे. त्यामुळे धान्य कुठे स्वस्त आहे, हे नुसत्या भावावरून कळत नसे. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्याने देशभर किलो आणला, तेव्हा कुठे हा घोळ मिटू लागला. सार्वजनिक खर्चात मात्र बऱ्याच ठिकाणी अजून गावोगावचा शेरच चालतो.

तसा पाया चांगला आहे. केंद्राच्या आणि सर्व राज्यांच्या हिशेबांत मुख्य लेखाशीर्षे एकच आहेत. सर्वसाधारण शिक्षण म्हणजे २२०२, वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य म्हणजे २२१०. मग राज्य केरळ असो की मध्य प्रदेश. पण खालच्या पातळीवर उतरले की राज्याराज्यांचे रकाने वेगळे होऊ लागतात. शिवाय पैसे किती गेले हे हिशेब सांगतो, त्यातून काय साधले हे सांगत नाही. २००५ मध्ये केंद्र सरकारने 'आउटकम बजेट' मांडले, ते ही उणीव भरून काढण्यासाठीच.

आता माझी एक चूक सांगतो. नोकरीत असताना मी दोन जिल्ह्यांच्या सरकारी रुग्णालयांची तुलना केली होती. एकूण खर्चाला रुग्णांच्या संख्येने भागले. एका जिल्ह्यात दर रुग्णामागे खर्च दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट निघाला. मी 'उधळपट्टी' असा शेरा मारला आणि तिथल्या डॉक्टरसाहेबांकडून खुलासा मागवला गेला. ते स्वतः नोंदवही घेऊन आले. आवाज न चढवता म्हणाले, "साहब, हमारे यहाँ पर्ची एक ही बार बनती है."

तपासले तेव्हा उलगडा झाला. यांच्याकडे रुग्ण पाच वेळा आला तरी एकच मोजत. शेजारच्या जिल्ह्यात प्रत्येक फेरी म्हणजे नवा रुग्ण. शिवाय हे औषधे स्थानिक खरेदी करून आपल्या हिशेबात दाखवत होते. शेजाऱ्यांना ती वरून पुरवली जात, त्यामुळे त्यांची किंमत त्यांच्या वहीत नव्हतीच. माझी बेरीज, भागाकार सगळे बरोबर होते. शेर मात्र दोन होते. शेरा मी मागे घेतला, पण त्या सज्जन माणसाला तोवर जो मनस्ताप झाला, तो कोणत्या खात्यात टाकायचा?

म्हणून तुलना करूच नये का? तसे नाही. माप एक ठेवले तर तुलना डोळे उघडते. 'प्रथम' या संस्थेचा जन्म मुंबईच्या वस्त्यांतला. तिच्या पुढाकाराने २००५ पासून 'असर' पाहणी होते. खेड्यापाड्यांत घरोघरी जाऊन मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला देतात. पाचवीतली २०१८ मध्ये ५०.३ टक्के मुले तो वाचू शकत होती, २०२२ मध्ये ४२.८ टक्के. कसोटी तीच होती, म्हणून करोनाकाळातले नुकसान आकड्यात दिसले.

तसेच मातामृत्यूचे. २०१८-२० च्या नमुना नोंदणी पाहणीत एक लाख जिवंत जन्मांमागे केरळात १९ मातामृत्यू, तर आसामात १९५. पद्धत दोन्हीकडे एकच असल्याने हा फरक झटकून टाकता येत नाही. मात्र त्यावरून लगेच खर्चाला नावे ठेवणेही घाईचे. रस्ते, मुलींचे शिक्षण, दवाखान्याचे अंतर हेही पाहावे लागते. नाहीतर माझ्यासारखा शेरा हातून घडतो.

तेव्हा वर्तमानपत्रात 'अमुक राज्य पहिले, तमुक शेवटचे' असे वाचाल, तेव्हा एवढेच विचारा: मोजले काय, कोणी, आणि दोन्हीकडे एकाच मापाने का? खजिनदारांनाही विनंती, पुढच्या वर्षी रोषणाईचा रकाना बदलू नका. आणि बदललाच तर खाली एक ओळ टीप द्या. तेवढ्या एका ओळीने एखाद्याची अब्रू वाचते, हे मी अनुभवाने सांगतो.

बुद्धिदात्याच्या मांडवात बुद्धीचेच काम मागितले आहे. प्रसादाला उशीर केल्याबद्दल क्षमस्व.

गणपती बाप्पा मोरया!