कळ तीच, भाषा निराळी

(संगणकाची भाषा शिकू लागलेल्या विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रोग्राम लिहिणारा माणूस दिवसाचे कित्येक तास ज्या साधनासमोर घालवितो, ते साधन म्हणजे एडिटर. पत्र लिहिण्याच्या प्रणालीला मजकूर सुबक दिसावा एवढीच काळजी असते. एडिटरला मात्र आपल्यापुढील मजकूर कोणत्या भाषेतील आहे, हे आधी ओळखावे लागते. बहुधा फाइलच्या नावाअखेरच्या दोन-तीन अक्षरांवरून तो हे ओळखतो. एकाच दुपारी पायथन, जावास्क्रिप्ट आणि एसक्यूएल या तिन्ही भाषांतील फायली हाताळणे ही आता नित्याची गोष्ट झाली आहे. प्रत्येक भाषेसाठी निराळ्या कळा पाठ करावयाच्या म्हटल्या, तर कामापेक्षा पाठांतरच अधिक होईल.

एखादी ओळ तात्पुरती निष्क्रिय करून तिचे टिप्पणीत रूपांतर करणे, हे अगदी साधे काम. पायथनमध्ये त्यासाठी ओळीच्या आरंभी हॅशचे चिन्ह लागते, जावास्क्रिप्टमध्ये दोन तिरप्या रेघा, एसक्यूएलमध्ये दोन आडव्या रेघा. एचटीएमएलमध्ये तर मजकूर दोन्ही बाजूंनी बंदिस्त करावा लागतो. २०१५ साली आलेल्या व्हिज्युअल स्टुडिओ कोड या एडिटरमध्ये विंडोज वा लिनक्सवर या सर्वांसाठी एकच जोडी आहे : कंट्रोल आणि तिरपी रेघ. हाताने हेतू सांगावा, चिन्ह कोणते ते एडिटरने पाहावे, अशी ही वाटणी आहे.

ही कल्पना नवी नव्हे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९७६ साली ईमॅक्स हा एडिटर आकारास आला आणि १९८५ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू ईमॅक्स सर्वांना उपलब्ध करून दिला. त्यात प्रत्येक भाषेसाठी एक 'मेजर मोड' असतो. सीची फाइल उघडली की वरच्या पट्टीत सीचा मेनू येतो. पायथनची उघडली की त्या जागी पायथनचा येतो. कळ दाबताच तिचा अर्थ आधी भाषेच्या तक्त्यात शोधला जातो आणि तेथे न सापडल्यास सर्वसाधारण तक्त्यात. विशेष नियम सर्वसाधारण नियमाहून प्रबळ, या कायद्याच्या तत्त्वासारखेच हे आहे.

याच एडिटरच्या संहितेत आणखी एक संकेत आहे, त्याचे महत्त्व फारसे कोणी सांगत नाही. कंट्रोल-सी दाबून नंतर एखादे साधे अक्षर, ही जोडी वापरणाऱ्याच्या स्वतःच्या आज्ञांसाठी राखून ठेवलेली आहे. कंट्रोल-सीनंतर पुन्हा कंट्रोलसह अक्षर, ही जोडी भाषेच्या मोडची. हे कुंपण नसते, तर वापरणाऱ्याने हौसेने बसविलेली कळ नवा मोड आल्याबरोबर हिरावली गेली असती. बोटांना लागलेली सवय मोडणे किती क्लेशदायक असते, हे टंकलेखकांना विचारावे.

टॅबची कळ मात्र विशेष विचार करण्याजोगी आहे. सी भाषेत मजकुराची रचना महिरपी कंसांनी ठरते. त्यामुळे ओळ समासापासून किती आत असावी, हे एडिटर स्वतः काढू शकतो आणि टॅब दाबताच ती जागेवर नेऊन ठेवतो. पायथनमध्ये ओळ किती आत आहे, यावरच तिचा अर्थ अवलंबून असतो. लेखकाच्या मनात काय आहे, हे एडिटरला कसे कळावे? म्हणून ईमॅक्समध्ये टॅब पुनःपुन्हा दाबला असता ओळ एकेका संभाव्य स्थानी सरकते आणि निवड माणसावर सोडली जाते. मेकफाइल नावाच्या फायलींत तर आज्ञेच्या ओळीआरंभी खरोखरीचे टॅबचिन्हच लागते. त्याऐवजी मोकळ्या जागा भरल्या, तर नजरेला फरक दिसत नाही आणि काम मात्र अडते. भाषा ओळखणाऱ्या एडिटरचा खरा उपयोग अशा ठिकाणी दिसून येतो.

जाणकार मंडळी मेनूला हसतात. ते योग्य नाही. मेनूत आज्ञेशेजारीच तिची कळ छापलेली असते. नवशिक्याला याहून चांगला शिक्षक मिळणे कठीण. शिवाय साध्या मजकुराच्या फाइलीत 'व्याख्येकडे जा' ही आज्ञा निरर्थक ठरते, म्हणून चांगला मेनू ती दाखवीतच नाही.

हे सारे ज्ञान पूर्वी प्रत्येक एडिटरला प्रत्येक भाषेसाठी स्वतंत्रपणे शिकवावे लागे. समजा, वीस एडिटर आहेत आणि तीस भाषा. म्हणजे सहाशे जोडण्या झाल्या. २०१६ साली मायक्रोसॉफ्ट, रेड हॅट आणि कोडेन्व्ही यांनी 'लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल' हा सामाईक संकेत जाहीर केला. भाषेचे ज्ञान एका स्वतंत्र सेवकाकडे असते आणि कोणत्याही एडिटरने त्याला ठरलेल्या शब्दांत विचारावयाचे. सहाशेंच्या जागी पन्नास जोडण्या पुरतात. नियोव्हिममध्ये २०२१ साली आणि ईमॅक्समध्ये २०२३ साली ही सोय अंगभूत झाली. लहान भाषांना याचा लाभ मोठा आहे. त्यांच्यासाठी वीस ठिकाणी खपणारी माणसे मिळत नसतात.

मराठीत टिप्पण्या लिहू इच्छिणाऱ्यांपुढे एक निराळीच अडचण येते. विम या एडिटरमध्ये साधी अक्षरे हीच आज्ञा असतात. 'जे' दाबले की खालच्या ओळीवर जाता येते. पण संगणकाचा कळफलक इन्स्क्रिप्ट देवनागरीवर असेल, तर त्याच कळेतून 'र' उमटतो आणि एडिटरला काहीच बोध होत नाही. विममधील 'कीमॅप' ही योजना देवनागरी केवळ मजकूर लिहिताना चालू ठेवते. आज्ञा पूर्ववत राहतात. ईमॅक्समध्ये कंट्रोल आणि उलटी तिरपी रेघ दाबून लिपी बदलली, तरीही आज्ञांच्या कळा शाबूत राहतात. लिपीचा बदल संगणकाच्या पातळीवर न करता एडिटरच्या आत करावा, एवढे पथ्य पाळले की टिप्पणी मराठीत आणि आज्ञा जुन्याच कळांवर, अशी दोन्ही कामे एकाच बैठकीत होतात.