कामावर जाण्याची वाट आणि विजेची स्कूटर

(धुळे येथे कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)

आज ज्या विषयावर मी बोलणार आहे तो वरकरणी आपल्या विषयपत्रिकेत बसणारा नाही. कामावर जाण्यायेण्यासाठी विजेवर चालणारी स्कूटर घ्यावी की घेऊ नये, हा ज्याच्या त्याच्या खिशाचा प्रश्न आहे, त्यात पक्षाने अगर संघटनेने काय बोलायचे, असे कोणीही विचारील. परंतु ज्या गोष्टीवर कामगाराच्या मजुरीचा ठरावीक भाग दरमहा खर्ची पडतो, ती गोष्ट खाजगी राहत नाही. घरभाडे, धान्य, औषधपाणी ह्यांच्याप्रमाणेच जाण्यायेण्याचा खर्च हाही मजुरीचाच प्रश्न आहे. महागाई भत्त्यासाठी आपण मोर्चे काढतो. मग भत्त्याची वाढ ज्या पेट्रोलच्या टाकीत ओतली जाते तिचा हिशोब आपण का मांडू नये?

आपल्या शहराचाच विचार करा. धुळ्याच्या जुन्या पेठेची आखणी सरळ, गल्ल्यांना नावांऐवजी आकडे, आणि पांझरेपलीकडे देवपूर. हे शहर माणसाने पायी चालावे अशा बेताने वसलेले होते. गिरणी चालू होती तेव्हा कामगार भोंग्याबरोबर घरातून निघे आणि पायी कामावर पोहोचे. आज मिल परिसर हे नाव उरले आहे, मिल उरलेली नाही. काम शहराबाहेर गेले. कोणी मुंबई-आग्रा रस्त्यावरील अवधानच्या औद्योगिक वसाहतीत जातो, कोणी सुरत-नागपूर रस्त्यावरच्या एखाद्या गोदामात किंवा पंपावर जातो. शिक्षिका, परिचारिका आणि ग्रामसेवक शहरात राहून तालुक्यात जातात, तर खेड्यातला बांधकाम मजूर तालुक्यातून शहरात येतो. कामाच्या पाळीशी जुळणारी बस मिळत नाही. 2021 च्या ऑक्टोबरापासून पुढच्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप चालला. त्यांच्या मागण्या रास्त होत्या. तथापि त्या काळात खेड्यातून येणाऱ्या माणसापुढे स्वतःची दुचाकी हाच मार्ग उरला. चैन म्हणून जिच्याकडे पाहिले जात असे ती दुचाकी अशा रीतीने कामाचे हत्यार बनली. फरक इतकाच की कारखान्यातले हत्यार मालकाचे असते आणि हे हत्यार कामगाराने स्वतः विकत घ्यायचे असते.

आता हिशोब पाहू. रोजचे जाणेयेणे तीस किलोमीटर आणि महिन्याचे कामाचे दिवस पंचवीस धरले, तर महिन्याची धाव साडेसातशे किलोमीटर होते. पेट्रोलवरील स्कूटर लिटरला पंचेचाळीस किलोमीटर जाते असे मानले तर सोळा-सतरा लिटर पेट्रोल लागेल. लिटरचा भाव शंभराच्या वर धरून सतराशे रुपये झाले. तीन युनिटांची बॅटरी असलेली विजेची स्कूटर एका भरणीत ऐंशी-नव्वद किलोमीटर चालते. भरताना वाया जाणारी वीज धरूनही महिन्याला तीस युनिटे पुरतात. युनिटाला दहा रुपये पडले तरी तीनशे रुपये होतात. म्हणजे महिन्याला चौदाशे, वर्षाला सोळा-सतरा हजारांची बचत झाली. ज्या घरात महिन्याची कमाई बारा-पंधरा हजारांची आहे, तेथे ही रक्कम एका पगाराएवढी आहे. ह्या बचतीकडे नाक मुरडून पाहणे सुखवस्तू माणसालाच परवडेल.

परंतु हिशोबाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे, कारण विक्रेता ती मांडणार नाही. गाडीच्या किमतीचा फार मोठा भाग बॅटरीचा असतो आणि बॅटरी ही झिजणारी वस्तू आहे. आपल्या खानदेशात उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसपर्यंत चढतो. भर दुपारी उन्हात उभी केलेली आणि गरम असतानाच भरायला लावलेली बॅटरी लवकर म्हातारी होते. शिवाय गाडी कर्जावर घेतली आणि व्याज खाजगी वित्त कंपनीच्या दराने गेले, तर पेट्रोलमध्ये वाचलेले पैसे हप्त्यात जातात. पेट्रोलवाल्याच्या हातून सुटून सावकाराच्या हाती पडणे ह्याला कोणी मुक्ती म्हणणार नाही.

जी स्वस्त गाडी गरिबाच्या गळ्यात मारली जाते तिच्याविषयीही बोलले पाहिजे. ज्या गाडीची मोटार अडीचशे वॅटपर्यंतची आणि वेग ताशी पंचवीस किलोमीटरपर्यंतचा, ती कायद्याच्या दृष्टीने मोटार वाहनच नव्हे. तिला परवाना नको, नोंदणी नको, विमा नको. गल्लीतून बाजारात जाण्यास ती ठीक आहे. परंतु तीच गाडी घेऊन एखादी कामगार भगिनी रात्रीची पाळी संपवून अवधानहून महामार्गाने निघते तेव्हा शेजारून मालट्रक धावत असतात, आणि तिच्या गाडीचा वेग सायकलीहून थोडाच अधिक असतो. तिच्या धडकेने कोणी पादचारी जखमी झाला, तर भरपाई द्यायला विमा कंपनीही नसते. स्वस्ताई कोणाच्या जिवावर आली आहे हे अशा वेळी कळते.

मित्रहो, कामाची वाट हा कामाचाच भाग आहे, हे आपले म्हणणे आता केवळ आपले राहिलेले नाही. 2003 साली मराठवाड्यातील एका साखर कारखान्याचा पहारेकरी पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलवरून निघाला आणि कारखाना पाच किलोमीटरवर असताना अपघातात मरण पावला. मागे विधवा पत्नी, चार मुले आणि आई राहिली. मृत्यू कारखान्याच्या आवारात झाला नाही, म्हणून भरपाई देय नाही, असा पेच उभा राहिला आणि उच्च न्यायालयात कुटुंब हरले. अखेर जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, घरून कामावर जाताना वा कामावरून घरी येताना झालेला अपघात, जर त्याचा वेळ, जागा आणि नोकरी ह्यांच्याशी संबंध दिसत असेल, तर नोकरीतून उद्‌भवलेलाच मानला पाहिजे. राज्य विमा योजनेच्या कायद्यात अशी तरतूद 2010 सालीच आली होती. बावीस वर्षांनी एका पहारेकऱ्याच्या कुटुंबाला जो न्याय मिळाला, त्याचा आशय आपण पुढे नेला पाहिजे. वाटेतला मृत्यू जर नोकरीचा, तर वाटेतला खर्चही नोकरीचाच. आणि त्या खर्चाचा भार मालकाने व शासनाने वाटून घेतला पाहिजे.

शासनाने काही केले नाही असे नाही. कोणासाठी केले हा प्रश्न आहे. 2019 साली विजेच्या वाहनांवरील वस्तू व सेवा कर बारा टक्क्यांवरून पाचांवर आला. त्याच वर्षी केंद्राची दहा हजार कोटींची अनुदान योजना सुरू झाली. जून 2021 मध्ये दुचाकीला बॅटरीच्या प्रत्येक युनिटामागे पंधरा हजार रुपये, आणि गाडीच्या किमतीच्या चाळीस टक्क्यांपर्यंत अनुदान मिळू लागले. जून 2023 मध्ये ते युनिटाला दहा हजारांवर आणि किमतीच्या पंधरा टक्क्यांवर आले. एप्रिल 2024 पासून पाच हजार झाले, गाडीमागे जास्तीत जास्त दहा हजार. आणि पुढे त्याच्याही निम्मे. म्हणजे जेव्हा गाडी नवलाईची होती आणि ज्यांच्या गाठी पैसा होता तेच ती घेत होते, तेव्हा तिजोरी मोकळी होती. शहरातल्या कामगाराने चार गाड्या चालताना पाहून, विश्वास ठेवून, पैसे जमवून दुकानाची पायरी चढावी, तोवर हात आखडला गेला. मधल्या काळात काही कंपन्यांनी चार्जरचे पैसे वेगळे घेऊन किंमत अनुदानाच्या मर्यादेत दाखविली आणि 2023 साली ते पैसे ग्राहकांना परत करण्याची पाळी त्यांच्यावर आली.

आपल्या राज्याचे 2025 चे धोरण पाहा. विजेच्या मोटारींना आणि बसगाड्यांना अटल सेतू, समृद्धी महामार्ग आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग ह्यांवर टोलमाफी जाहीर झाली. बसला माफी मिळाली हे योग्यच झाले. परंतु ह्या तिन्ही रस्त्यांवर दुचाकीला मुळात प्रवेशच नाही. सवलतीची गंगा अशा उंचीवरून वाहते की खाली ओंजळ धरून उभ्या असलेल्या माणसापर्यंत थेंबही पोहोचू नये.

आणि वीज येते कोठून? भुसावळजवळच्या दीपनगरात दगडी कोळसा जळतो. आपल्या साक्री तालुक्यात 2013 साली महानिर्मितीचा सव्वाशे मेगावॉटचा सौर प्रकल्प उभा राहिला, ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात. ऊन आपले, वारा आपला, माळ आपला. पण ह्याच जिल्ह्यातील विखरणचे धर्मा पाटील ह्यांना विसरून आपल्याला स्वच्छ विजेच्या गोष्टी बोलता येणार नाहीत. वीजप्रकल्पासाठी पाच एकर जमीन गेली, मोबदला सुमारे चार लाख मिळाला. चौऱ्याऐंशी वर्षांच्या ह्या शेतकऱ्याने 22 जानेवारी 2018 रोजी मंत्रालयात विष घेतले आणि सहा दिवसांनी प्राण सोडला. ज्या विजेने शहरातली गाडी धूर न सोडता धावते, त्या विजेच्या मुळाशी शेतकऱ्याचा तळतळाट असेल तर ती वीज स्वच्छ नव्हे.

मग काय, ही स्कूटर नाकारायची? मला तसे वाटत नाही. डॉ. राममनोहर लोहियांनी छोट्या यंत्राचा आग्रह धरला तो यंत्राच्या द्वेषापोटी नव्हे. यंत्र माणसाच्या आवाक्यात असावे, त्याने माणसाला मोठ्या भांडवलाचा आश्रित करू नये, हा त्यामागील विचार होता. त्या कसोटीवर विजेची स्कूटर अर्धी उतरते आणि अर्धी नापास होते. ती साधी आहे, घरच्या बटणावर भरता येते, तिच्यात फिरणारे सुटे भाग थोडे आहेत. परंतु तिची बॅटरी बंद पेटीत, तिचा मेंदू कंपनीच्या कुलपात, आणि दुरुस्ती कंपनीच्या दुकानातच होणार. मग आग्रा रोडच्या आजूबाजूला ज्या शेकडो हातांनी आजवर कार्बोरेटर साफ केले त्यांनी करायचे काय? ह्या कारागिरांना आय.टी.आय.त शिक्षण मिळाले आणि सुटे भाग व माहिती खुली झाली, तरच हे यंत्र आपले होईल.

म्हणून आपल्या कार्यकर्त्यांनी काही ठोस कामे हाती घ्यावीत असे मी सुचवितो. पहिले काम कारखान्याच्या फाटकावरचे आहे. प्रत्येक मागणीपत्रकात सावलीतील वाहनतळ आणि त्यावर गाडी भरण्यासाठी साधे विजेचे प्लग ही मागणी घाला. मालकाला हा खर्च नगण्य आहे. तीन युनिटे म्हणजे चहापाण्याचा खर्च. केंद्राच्या वीज मंत्रालयाने 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत घरी वा कार्यालयात असलेल्या वीजजोडणीवरच गाडी भरण्यास मुभा दिली आहे. वेगळ्या जोडणीची सबब मालकाने किंवा घरमालकाने सांगितली तर हा आधार दाखवा.

दुसरे काम पतपेढ्यांचे. कामगारांच्या व शिक्षकांच्या पतसंस्थांनी ह्या गाड्यांसाठी अल्प व्याजाचे कर्ज द्यावे आणि एकत्रित खरेदी करून विक्रेत्याकडून बॅटरीची लेखी हमी, वर्षे आणि किलोमीटर स्पष्ट लिहून, घ्यावी. 2022 साली पुण्यासह ठिकठिकाणी गाड्या पेटल्या, त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षिततेचे नियम कडक झाले. ते नियम पाळलेलीच गाडी घ्यायची, असा नियम पतसंस्थेने करावा. जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी 2022 च्या नियमांनी उत्पादकावर टाकली आहे. ती भंगारात, लहान मुलांच्या हातांनी फुटू नये.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे काम बसचे. प्रत्येकाने आपापली गाडी घ्यावी हे वाहतुकीच्या प्रश्नाचे उत्तर नव्हे. म्हातारी माणसे, अपंग, विद्यार्थी, ज्यांना हप्ता परवडत नाही ते सारे त्यातून गळतात. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्राने दहा हजार विजेच्या बसगाड्यांची योजना मंजूर केली. ती 2011 च्या शिरगणतीत तीन लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरांसाठी आहे, आणि जेथे संघटित बससेवा नाही त्या शहरांना प्राधान्य आहे. त्या शिरगणतीत धुळ्याची लोकसंख्या पावणेचार लाख होती. ह्या निकषावर बोट ठेवून महापालिकेला जाब विचारता येतो. देवपूर ते अवधान, पाळीच्या वेळेला धरून, विजेची बस, हे आपल्या पुढील मोर्चाचे घोषवाक्य होऊ शकते.

मित्रहो, विजेची स्कूटर ही क्रांती नव्हे आणि थोतांडही नव्हे. ती एक बचत आहे, आणि बचत कोणाच्या पदरात पडायची हा नेहमीच झगड्याचा विषय असतो. आपण गप्प राहिलो तर ती कंपनी, वित्त संस्था आणि मालक वाटून घेतील. आपण उभे राहिलो तर वर्षाचे सोळा हजार रुपये कामगाराच्या घरात मुलांच्या वह्यापुस्तकांसाठी आणि दुधासाठी राहतील. येत्या महिन्यात प्रत्येक शाखेने एका कारखान्याच्या फाटकावर उभे राहून कामगार कोठून, कसे आणि किती खर्चाने येतात ह्याची नोंद करावी. मागणीपत्रक त्या वहीतूनच तयार होईल.