इस्तंबूलचे श्वान आणि शासनाचे कर्तव्य



इस्तंबूलमध्ये मांजर दुकानाच्या फळीवर निर्धास्त झोपते; २०१६ साली तर तेथील कादिकॉय भागात टोंबिली नावाच्या मांजराचा पुतळा उभारला गेला. कुत्र्याला घरात मज्जाव असला, तरी मोहल्ला त्याला पोशीत असे. त्याच्यावर घाला घातला तो शासनाने. १९१० साली शहरसुधारणेच्या नावाखाली हजारो कुत्री सिव्रिआदा या ओसाड बेटावर सोडण्यात आली. तेथे ती तहानभुकेने मेली.

२००४ च्या कायद्याने निर्बीजीकरण व लसीकरण करून कुत्री मूळ जागी सोडण्याचे ठरविले. नगरपालिकांकडून ते काम पुरेसे झाले नाही. सरकारी अंदाजानुसार संख्या ४० लाखांवर गेली, हल्ले होऊ लागले आणि लोकमत दुभंगले. जुलै २०२४ मध्ये संसदेने कुत्र्यांना निवाऱ्यांत डांबण्याचा आणि आजारी वा आक्रमक कुत्र्यांना मारण्याचा मार्ग स्वीकारला.

शाळेत पायी जाणाऱ्या मुलाची भीती खरी आहे. तिची टवाळी पुरोगाम्यांनी करू नये. परंतु ही भीती वीस वर्षांच्या सार्वजनिक हलगर्जीपणातून उपजली आहे. आपल्या कर्तव्यच्युतीची शिक्षा मुक्या प्राण्यास देणारे शासन त्या मुलाचेही रक्षण करू शकणार नाही.