डॉक्टर होणाऱ्या लेकीचे मन

(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



वाशीमला २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आपल्या मुलीही डॉक्टर होण्याची उमेद बाळगतात, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु प्रवेश मिळाला, पेढे वाटले, की आपले कर्तव्य संपले असे आपण मानतो. मला आज त्या पेढ्यांनंतरच्या दिवसांविषयी बोलायचे आहे.

उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेली मुलगी पहिल्याच वर्षी शरीररचनेचे जाडजूड इंग्रजी ग्रंथ उघडते. शाळेत ती पहिली यायची. इथे सगळेच पहिले आलेले. पुढे वॉर्ड, रात्रपाळी आणि सुटीत घरी आली की लग्नाची बोलणी. झोप उडते, जेवण जात नाही, विनाकारण रडू येते. फोनवर मात्र ती "सगळं ठीक आहे, अम्मी" एवढेच म्हणते. कारण अब्बांनी कर्ज काढले आहे, हे तिला ठाऊक असते.

ती एकटी नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाचा अहवाल २०२४ साली आला. त्याच्या पाहणीत पदवीच्या सुमारे २८ टक्के विद्यार्थ्यांनी मानसिक आजाराचे निदान झाल्याचे सांगितले.

डॉ. पायल तडवी आपल्याला आठवत असेल. जळगावची, तडवी भिल्ल या मुस्लिम आदिवासी समाजातील लेक. मिरजेला एमबीबीएस करून ती मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्र शिकत होती. २२ मे २०१९ रोजी, अवघ्या सव्विसाव्या वर्षी, तिने आत्महत्या केली. जातीवरून छळ केल्याच्या आरोपावरून तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांवर खटला भरण्यात आला. त्यांनी आरोप नाकारले. न्याय न्यायालय करील. पण मुलीने आपला त्रास घरी सांगितला होता, हे तिच्या आईनेच नंतर सांगितले. म्हणून मुलगी बोलली की आपण नुसते ऐकून थांबू नये.

पालकहो, तक्रार तोंडी न करता लेखी करा आणि पोच घ्या. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे तक्रार आल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखाने चौकशी केली पाहिजे. राष्ट्रीय रॅगिंगविरोधी मदतवाहिनीचा क्रमांक १८००-१८०-५५२२ आहे. मनाच्या त्रासासाठी शासनाची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य मिळते.

मनाच्या डॉक्टरकडे जाणे म्हणजे ईमान कमी पडणे नव्हे. अल्लाहने आजार दिला तसा इलाजही दिला, हीच आपली शिकवण. दुआ करावी आणि औषधही घ्यावे. "लग्न कसे जमेल?" या भीतीने इलाज लांबवू नका.

आणि मुलींनो, एक वर्ष मागे पडले तर बिघडत नाही. पदवी उशिरा मिळेल. तुम्ही दुसऱ्या मिळणार नाहीत. आज घरी गेल्यावर प्रत्येक बापाने लेकीला एवढेच सांगावे : "बेटा, नाही जमले तर घराचे दार उघडे आहे."

खुदा हाफिज.